घशात खारट लागलं का

पंचफुलाबाईच्या ओटीतला कापूस शकुबाईने सगळ्यांच्या देखत वेगळा काढायला लावला, आणि तिथून म्हातारीच्या डोळ्याची गोष्ट चव्हाट्यावर आली.

शकुबाई शेताची मालकीण. एरवी बोलायला गोड, पण कापसाचं वजन करताना तिला सख्खी बहीणही परकी वाटायची. तिने पंचफुलाबाईच्या कापसात हात घातला, वाळल्या पाल्याचा चुरा काढून तळहातावर धरला, नीट न फुललेल्या कापसाच्या दोनचार किडक्या कवड्या वर काढल्या आणि सगळा कापूस एका फाटक्या बारदानावर निराळा टाकायला सांगितला.

"पंचफुले, कापूस वेचून राह्यली का कचरा?"

"वारं होतं बाई. पाला उडून येते."

"वारं काय एकट्या तुह्याच ओळीत आलं?"

बायका हसल्या. त्यांच्यात पंचफुलाबाईची सून प्रियंकाही होती. ती हसली नाही, पण सासूची बाजू घेऊन बोललीही नाही. कमरेची ओटी सोडून पुन्हा बांधत बसली. काय बोलणार होती? कापूस तर समोर पडला होता.

एके काळी ह्याच शेतात पंचफुलाबाईच्या दोन्ही हातांनी वेचण्याचा दाखला दिला जायचा. आता ती बोटांनी चाचपून बोंडं शोधायची. बोंडांची वाळली टोकं नखांच्या कडेला घुसायची आणि संध्याकाळी कालवणात हात घातला की जीव कळवळायचा. डावा डोळा कधीचाच गेला होता. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या चिमट्याने उपटताना एक पऱ्हाटी खस्सकन सुटून आली आणि तिचं टोक डोळ्यात गेलं. तेव्हा कोणी मध घाल म्हणालं, कोणी शेळीचं दूध घाल म्हणालं. सगळं घालून झाल्यावर मग दवाखाना. डोळ्याची पांढरी गोटी झाली. उरला उजवा, आणि त्याच्यावर मोतीबिंदू चढत चालला होता. समोरचं माणूस तिला ओल्या कपड्याआडून पाहिल्यासारखं दिसायचं.

शेतातून घरी येताना बांधावर प्रियंका म्हणाली, "आत्याबाई, सोमवारी ग्रामपंचायतीत डोयाचं शिबिर हाय. औंदा जाच लागते."

"पाहू."

"मागच्या वर्षी बी पाहूच म्हटलं तुमी. आज शकुबाई हसली, उद्या म्हणन की बुढीले आणू नका म्हून."

पंचफुलाबाई थोडा वेळ काठीने वाट चाचपत राहिली. मग म्हणाली, "अन् हाही गेला त?"

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. इथे तर ताकाची एकच वाटी उरलेली. ज्याला दोन डोळे आहेत त्याला शहाणपण सांगायला सोपं जातं. पंचफुलाबाईला अजून दाराचा उजेड कळायचा, चुलीतला जाळ कळायचा, नातू अंगणातून पळत आला की त्याचा रंग हलताना कळायचा. एवढं सगळं एका माणसाच्या सुरीवर ठेवून द्यायचं होतं.

मुलगा अश्वजित हंगामात राळेगावच्या जिनिंगवर कामाला असायचा. त्याने फोनवर एकच सांगितलं, "माय, जाय. भेऊ नको." मुलाने सांगितलं म्हणून भीती जाते असं थोडंच आहे? पण ती हो म्हणाली.

आता पंचफुलाबाईची एक सवय होती, आणि ती तिने घरात कोणालाच कळू दिली नव्हती.

रोज सकाळी, गावात पहिलं दार वाजायच्या आधी, ती न्हाणीच्या आडोशाला जायची. उजव्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवायची आणि खालून वर दाबायची. पिवळट, चिकट थेंब बाहेर यायचा. तो पदराने टिपायचा, पुन्हा दाबायचं, पुन्हा टिपायचं, मग गार पाण्याचा हबका. ह्याला लासूर म्हणतात हे तिला ठाऊक होतं. तिच्या आईलाही होता, आणि आईनेच शिकवलं होतं की डोळा सकाळी पिळून घेतला म्हणजे दिवसभर तोंड चांगलं राहतं. लोक दात घासतात तसंच हे. दुखत नव्हतं, अडत नव्हतं. फक्त एकदा एका लग्नात तिने जेवता जेवता डोळा टिपला, आणि शेजारच्या बाईने आपली पत्रावळ उचलून दुसऱ्या रांगेत नेली. काही बोलली नाही, नुसती उठून गेली. तेव्हापासून पंचफुलाबाई दिवसातून दोनदा, कोणाला न दिसता डोळा पिळायची आणि चारचौघांत चकचकीत तोंडाने बसायची. झाकली मूठ सव्वा लाखाची.

शिबिरातल्या माणसाने बॅटरी मारली, म्हणाला, "मोतीबिंदू पिकला आजी. चला यवतमाळला." दोनच दिवसांनी गाडी आली, सोबतीला प्रियंका निघाली. कळंब आलं तशी गाडीतल्या बायकांनी चिंतामणी गणपतीच्या दिशेने हात जोडले. पंचफुलाबाईचे हात मांडीवरच राहिले, पण ओठ हलत होते. बुद्धवंदनेतलं 'नमो तस्स' सुरू केलेलं ती तीनदा मध्येच विसरली.

दवाखान्यात पोचल्यावर भीतीला कामच लागलं. दंडाला पट्टा आवळला, तर तिला वाटलं हात तुटतो. बोटाला सुई टोचून रक्त घेतलं. मग एका पडद्यामागे झोपवून चोळीची बटणं काढायला सांगितली आणि छातीवर यंत्राची गार गार बोंडकी चिकटवली. उभ्या आयुष्यात परक्या ठिकाणी ती अशी उघडी पडली नव्हती. डोळ्याच्या ऑपरेशनला छाती कशाला बघतात, हे विचारायची हिंमत तिला झाली नाही. काळजाचे ठोके त्या यंत्राला ऐकू जात असतील तर ते यंत्रच घाबरून बंद पडेल, असं तिला वाटलं.

"बीपी जरा वाढलंय," सिस्टर म्हणाली. तिचं नाव निकिता. पोरगी चटपटीत होती, आवाज मोठा. "भीती वाटते का आजी?"

"नाही बाई."

"मग ठीक. थोड्या वेळाने परत बघू."

दुपारी डोळ्यांचे डॉक्टर आले. तरुण होते, बोलताना थकलेले वाटत होते. सगळ्या पेशंटांना आणि त्यांच्यासोबतच्या माणसांना एका हॉलमध्ये बसवून त्यांनी सांगितलं, "नीट ऐका. अंगावर कुठे गळू असेल, पायाला जखम असेल, दातात पू असेल, डोळ्यातून घाण येत असेल, तर आत्ताच सांगा. लाजू नका. आपण डोळ्याला छेद देणार. बाहेरची घाण त्या छेदातून आत शिरली तर डोळा सडतो. मग मी काय, कोणीच तो परत आणू शकत नाही."

पंचफुलाबाईने डोळ्याच्या कोपऱ्याकडे बोट नेलं आणि लगेच खाली घेतलं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते असं.

शेजारी तांड्यावरची भुरीबाई बसली होती. साधी बाई, तिने लगेच पाय पुढे केला. "सायेब, हे पाहा. काटा रुतला होता, पिकला."

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. "बरं झालं दाखवलंत. आधी हे बरं करा, मग डोळा. पुढच्या वेळी या."

भुरीबाईचा मुलगा बाबूसिंग भिंतीला टेकून उभा होता. तो पुढे आला आणि सगळ्यांसमोर आईवर बरसला. "चूप बसता येत नोतं काय? दोन दिवस काम सोडून आलो मी. पायाले ऑपरेशन होतं काय तुह्या?" भुरीबाई पाय साडीखाली ओढून घेत राहिली. डॉक्टरांनी त्याला दरडावलं, पण तोवर व्हायचा तो अपमान होऊन गेला होता. मायलेक पिशवी घेऊन बाहेर पडले आणि हॉलमधल्या प्रत्येक म्हाताऱ्याने आपापली दुखणी आत ओढून घेतली.

प्रियंका सासूच्या कानाशी वाकली. "आत्याबाई, तुमाले काई इचारलं त बराबर उत्तर द्या. वापस नाई जायचं आपल्याले."

"हाव," पंचफुलाबाई म्हणाली.

संध्याकाळच्या सुमारास नळीची तपासणी होती. रांगेतून एकेकाला आत घेत होते. डोळ्याच्या कोपऱ्याला एक बारीक भोक असतं, त्यातून पाणी घालून बघतात की अश्रूंची वाट मोकळी आहे का. वाट मोकळी असली की ते पाणी नाकातून घशात उतरतं आणि खारट लागतं. रांगेतल्या पुढच्या माणसाला विचारलेलं मागच्याला ऐकू यायचं. "घशात खारट लागलं का?" "लागलं." "जा." "खारट लागलं का?" "लागलं." "जा." एक जण म्हणाला, "नाही बाप्पा, बाहेरच आलं सगळं," तर त्याला डाव्या बाजूच्या बाकावर बसवलं. तो बाक कशाचा आहे, हे सांगायला कोणी लागत नव्हतं.

पंचफुलाबाई स्टुलावर बसली. बोथट सुई कोपऱ्याशी आली तेव्हा तिने लुगड्याचा काठ मुठीत आवळला. पाणी आत गेलं. कोपऱ्यात दडपण आलं, मग काही तरी ऊन ऊन गालावरून ओघळलं. घशात काहीच आलं नाही. तिने जीभ टाळूला लावून पाहिली. कोरडी.

"आजी, खारट लागलं का घशात?"

तिने पापणी मिटून घेतली.

"पाणी बरंच बाहेर सांडलं," तपासणारा माणूस पुटपुटला. "डोळा हलवू नका. थोडं तरी आलं का घशात?"

पंचफुलाबाईने आपलीच थुंकी गोळा केली आणि सगळ्यांना दिसेल असा मोठा घोट गिळला. "आलं."

"खारट?"

"हाव. खारट."

त्याने कोपऱ्यावर बोट दाबून पाहिलं. तिने दुपारीच संडासात जाऊन डोळा पिळून घेतला होता. काही आलं नाही. "जा," तो म्हणाला, आणि ती पास झाली. बाहेर आल्यावर प्रियंकाने तिचा हात इतक्या आनंदाने धरला की खोटं बोलल्याचं तिला तेव्हा वाईटही वाटलं नाही.

वाईट नाही, भीती वाटली. रात्रभर वाटली. डॉक्टरांचं 'डोळा सडतो' हे बोलणं तिच्या उशाशी येऊन बसलं होतं. ती स्वतःला समजवायची की एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांनी दाबून पाहिलं, त्यांना दिसलं नाही, म्हणजे नसेलच काही. आणि लगेच दुसरं मन म्हणायचं, बाई, नसेल कसं, तू रोज पदराला पुसतेस ते काय आहे?

सकाळी सवयीने जाग आली. सवयीनेच ती न्हाणीघरात गेली, कडी लावली आणि अंगठा ठेवून दाबला. थेंब आला. नेहमीपेक्षा दाट. तिने टिपला, पुन्हा दाबून कोपरा पार रिकामा केला, तोंड धुतलं. हाताला काम झालं होतं, तेव्हा कुठे डोक्याला कळलं की आपण काय केलं.

निकिता सिस्टरने हिरवा झगा घातला, केसांवर टोपी चढवली, उजव्या भुवईवर चिकटपट्टी लावली. "ह्याच डोळ्याचं आहे ना?"

"दुसरा कुठं हाय बाई," पंचफुलाबाई म्हणाली.

थेंब घालायला सुरुवात झाली. एकदा, दोनदा, पुन्हा. हळूहळू समोरचं सगळं पांढरं होऊ लागलं. आधी खिडकीच्या कडा गेल्या, मग समोर बसलेल्या माणसांच्या हिरव्या टोप्या गेल्या, मग उजेड असा पसरला की भर उन्हात चुन्याच्या भिंतीला नाक लावून उभं केल्यासारखं झालं. तिने हात चेहऱ्यासमोर धरला. तो दिसला नाही.

"सिस्टर," ती म्हणाली. "मले दिसून नाई राह्यलं."

"थेंबांमुळे आहे आजी. बाहुली मोठी होते. सगळ्यांना होतं."

सगळ्यांना होत असेल. पण सगळ्यांना दुसरा डोळा होता. पंचफुलाबाई त्या पांढऱ्यात बसून राहिली आणि तिला कळलं की उरलेला डोळा गेला तर हे असं असणार आहे. चूल असणार नाही, अंगण असणार नाही, नातवाचा आवाज येईल पण तो कुठून येतो ते कळणार नाही. शकुबाई हसली ते बरं होतं. हसणाऱ्या बाया दिसल्या तरी होत्या. हे सगळं आपल्या एका घोटापायी होणार, हा विचार तिच्या डोक्यात शिरला आणि मग तिला बाकावर बसवेना.

ती उठली. "सिस्टर, डॉक्टर सायबाले बलाव."

"काय झालं?"

"बलाव बाई. माह्या डोयातनं घाण येते."

डॉक्टर आतल्या दारातून आले. निकिताने सांगितलं. त्यांनी पंचफुलाबाईचं डोकं मागे टेकवून कोपरा दाबला. एकदा, दोनदा. बोट पाहिलं. स्वच्छ.

"काही नाही आजी इथे."

"हाय सायेब."

"आजी, ऐन वेळी सगळेच घाबरतात," निकिता म्हणाली. ती कुजकटपणे बोलली नाही. रोजचं होतं तिला. "मागच्या शिबिरात एक आजोबा म्हणाले, माझा दात दुखतो, ऑपरेशन नको. तोंडात एकही दात नव्हता."

हॉलमधले दोघेचौघे हसले. पंचफुलाबाईला कान गरम झालेले कळले, पण भीती लाजेपेक्षा मोठी होती.

"मी सकाऊन पिळून घेतला डोया," ती म्हणाली. "दाबून सगळं काढून टाकलं. रोजच काढतो. म्हून आता नाई."

डॉक्टरांचा हात थांबला. "काल नळीत पाणी घातलं होतं. घशात आलं म्हणालात ना?"

"नाई आलं. थुका गिळला मी."

दाराशी उभ्या असलेल्या प्रियंकाने ते ऐकलं आणि आत पाऊल टाकलं. तिला बाहेर थांबायला सांगितलं होतं, पण आता तिला कोण थांबवणार?

"डॉक्टर सायेब, खोटं हाय हे. भेल्या हायेत त्या. मी एवढ्या वर्षाची एका घरात राह्यतो, मले नाई दिसलं कधी." मग सासूकडे वळून, दबल्या आवाजात, "आत्याबाई, काहून असं करून राह्यल्या? गावात काय सांगू मी?"

डॉक्टरांनी कपाळ चोळलं. "पुन्हा नळीत पाणी घालून बघता येईल. पण आज घातलं तर आज ऑपरेशन नाही. आणि हे शिबिर परत वर्षाने." ते पंचफुलाबाईकडे बघत होते, तिला ते बघत आहेत हे नुसतं जाणवत होतं. "तुम्ही खरं बोलताय की घाबरल्या आहात, मला कसं कळणार?"

"मले शेवटी घ्या सायेब," पंचफुलाबाई म्हणाली. "सगळे होऊ द्या. तवरक मी डोयाले हात लावत नाही. मंग तुमीच दाबून पाहा."

"आणि काही नाही आलं तर?"

"नाई आलं त तुमच्या मनानं करा," ती म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे. शेवटी." आणि आत गेले.

मग सुरू झालं ते बसणं. एकेकाला नाव घेऊन आत न्यायचे, थोड्या वेळाने तो डोळ्यावर पट्टी घेऊन बाहेर यायचा आणि कोणीतरी म्हणायचं, "काय, दुखलं का?" "काई नाई गा, मुंगीबी नाई चावली." सगळे मोकळे होऊन जात होते. पंचफुलाबाईचा कोपरा खाजायला लागला होता. डोळ्यातून पाणी झिरपत होतं, गालावर येत होतं, आणि तिचा उजवा हात मालकिणीला न विचारता वर जायला निघायचा. तिने दोन्ही तळहात मांडीखाली दाबले.

जन्मभर तिने एकच मागितलं होतं, की हे येऊ नये. आज पहिल्यांदा ती मनात म्हणत होती की येऊ दे. आणि आलं नाही तर? अंगातली खोड आहे, ऐन वेळी दगा द्यायची. कधी कधी दोन दिवस डोळा अगदी सुका राहायचा, तेव्हा ती खूश व्हायची. आज तसंच झालं तर डॉक्टर टेबलावर घेतील, छेद देतील, आणि ते आत कुठे तरी दबा धरून बसलेलं असेल. त्यापेक्षा उठून पळून जावं. पण कुठे पळणार, समोर नुसता पांढरा उजेड होता.

"प्रियंका."

"काय?" आवाज तुटक होता, पण जवळून आला. ती गेली नव्हती.

"माहे हात धरून ठेव. आपोआप जातेत तिकडं."

प्रियंकाने सासूचे हात मांडीखालून ओढून काढले आणि आपल्या दोन्ही हातांत धरले. दोघींची बोंडांनी चिरलेली बोटं एकमेकांना घासली.

"खरंच येते काय हो?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं.

"येते."

"मले कवाच कसं नाई दिसलं?"

"तुले दिसू देलं नाई मी."

"काहून?"

"किळस येते पोरी लोकायले," पंचफुलाबाई म्हणाली. "ताट घेऊन उठून जातेत."

प्रियंकाने हात सोडले नाहीत, उलट पकड अशी घट्ट केली की पंचफुलाबाईला दुखलं. सासूने दुखतं म्हणून सांगितलं नाही. आता खाज डोळ्यातून नाकापर्यंत उतरली होती आणि ती दात आवळून बसली होती. माणसं आत जात राहिली, बाहेर येत राहिली, मग येणं थांबलं.

"पंचफुलाबाई. चला," निकिता म्हणाली.

उठताना तिचे पाय भरकटले. प्रियंकाने दारापर्यंत आणून सोडलं आणि पुढे निकिताने धरलं. टेबल गार होतं. वर कुठला तरी दिवा होता, तो तिला नुसता ऊबेने कळला. डॉक्टरांनी नवे हातमोजे घातल्याचा चट्ट आवाज झाला.

"आजी, हात लावला नाही ना?"

"नाई सायेब. सुनेनं धरले होते."

डॉक्टरांनी कोपऱ्यावर बोट ठेवून दाबलं. थांबले. पुन्हा दाबलं. आलं नाही, तिच्या मनाने धरलं. ऐन वेळी नाही आलं.

"सायेब," ती म्हणाली, आणि तिचा आवाज लहान पोरीसारखा झाला. "मी खालून वर दाबतो. हाडाच्या आतून. मायनं तसंच शिकवलं."

बोट थोडं खाली सरकलं, नाकाच्या हाडाच्या कडेला रुतलं आणि वर आलं. आणि तिला तो दाट, ऊन थेंब कोपऱ्यात उमटलेला कळला. मग आणखी. आणखी.

"सर," निकिता हळूच म्हणाली. तिचा मोठा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

डॉक्टरांनी कापसाने टिपलं. पुन्हा दाबलं, पुन्हा टिपलं. मग हातमोजे काढून ते तिथेच स्टुलावर बसले.

"आलं काय सायेब?" तिला कळलं होतं, तरी तिने विचारलं.

"आलं."

"लय हाय?"

"भरपूर आहे." आणि मग ते रागावले. मनापासून रागावले. "काल का नाही सांगितलं? थुंकी काय गिळता? तुम्हाला एकच डोळा आहे, आजी. मी आत्ता तो कापला असता. ही घाण आत गेली असती तर दोन दिवसांत डोळा गेला असता. समजतं का तुम्हाला?"

"समजते सायेब," ती म्हणाली. एवढं रागावणं तिला आजवर कोणाचं गोड लागलं नव्हतं. "बोला अजून."

मग डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, की आधी लासुराचं ऑपरेशन करावं लागेल, अश्रूंची वाट मोकळी करावी लागेल. ते बरं झालं, तपासून खात्री झाली, की मग मोतीबिंदू. शिबिराची वाट बघायची नाही, दोन्ही वेळा ते स्वतः बोलावतील.

"म्हंजे दोनदा भ्या लागन मले," पंचफुलाबाई म्हणाली.

"दोनदा."

"येतो मी."

निकिताने तिला बाहेर आणून बाकावर बसवलं. "थेंबांचा असर संध्याकाळी उतरेल आजी. तोवर इथेच बसा." जाताना तिने खांद्यावर हात ठेवला आणि जरा ठेवूनच दिला.

प्रियंका समोर येऊन बसली असणार, कारण तिचा श्वास जवळ ऐकू येत होता. "आलं?" तिने विचारलं.

"आलं."

प्रियंका रडायला लागली. आधी हुंदका दाबत, मग मोकळी. "मी तुमाले म्हटलं होतं वापस नाई जायचं. मीच म्हटलं होतं," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. पंचफुलाबाईने अंदाजाने हात पुढे केला. तो आधी सुनेच्या कानाला लागला, मग ओल्या गालाला.

"चूप व माय. घाण आली म्हून कोणी रडते काय?"

पट्टीवाले सगळे गाडीची वाट बघत पडवीत जमले होते. एकाने विचारलं, ह्या बाईची पट्टी कुठे आहे? कोणीतरी म्हणालं, नापास झाली ती, वापस पाठवली. पंचफुलाबाईने ऐकलं. गावातही हेच म्हणणार होते, शकुबाईपासून सगळे. भीतीही गेली नव्हती. ती पुढच्या दोन ऑपरेशनांच्या वाटेवर जाऊन बसली होती. तिने पाठ भिंतीला टेकली आणि उजवा डोळा उघडा ठेवून ती त्या पांढऱ्याकडे बघत राहिली. गाडी सुटायला वेळ होता. ऊन पडवीतून मागे सरकलं, कोणीतरी चहा आणून दिला, तो गार झाला.

पांढऱ्यात कुठे तरी एक डाग धरू लागला. तिला वाटलं भास आहे. तिने पापणी मिटून पुन्हा उघडली. डाग तिथेच होता, थोडा हललाही.

"प्रियंका, तू हिरवी साडी नेसली काय व आज?"

"निळी हाय आत्याबाई."

"हाव," पंचफुलाबाई म्हणाली. "निळीच म्हणतो मी."